बारा हजार किलोमीटर, सरळ रेषेत

बाबा गेले तेव्हा कल्पेशदादा व्हँकुव्हरला होता. "मी येईपर्यंत त्यांना नेऊ नका, मला तोंड बघायचंय," एवढंच रडत रडत बोलला आणि एअरपोर्टला पळाला.

नामाकाकांनी, बाबांच्या धाकट्या भावाने, लगेच मोबाइलला विचारलं. अंतर बारा हजार किलोमीटर, वेळ पंधरा तास. जन्मभर होडी हाकलेला माणूस! अंतर कळलं, वेग कळला, झाला हिशोब. अख्ख्या दिवाळे गावाला सांगून मोकळे, "कल्पेश उद्या दुपारी येतो. तवर थांबू." अहो काका, ती सरळ रेघ होती. तसं थेट जाणारं विमानच नाही. मी घसा फोडून सांगितलं, पण लग्न करून खारघरला गेलेल्या मुलीचं ऐकतो कोण!

आमच्याकडे गावात मयत असलं की होड्या सुटत नाहीत, चुली पेटत नाहीत. एका रात्रीचं कोणाला काही वाटलं नाही. मासळीचा बर्फ आणला आणि बाबांच्या भोवती रचला. थंडी जराही सोसायची नाही त्यांना. मला ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली, दादाचा पत्ता नाही. मग मेसेज आला. पहिल्या विमानाला उशीर झाला, लंडनहून पुढचं चुकलं, दुसरं रात्री आहे. त्यानंतर त्याचा फोनच बंद. पलीकडे पुतळामावशीचं नातवंड भुकेने रडत होतं. बर्फ वितळून पाणी उंबऱ्याबाहेर आलं. उदबत्त्या लावून लावून किती लावणार?

काका दारात मान खाली घालून उभे राहिले. "वहिनी, आता बर्फ पन पुरत नाय."

आई कितीतरी वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत बसली. मग म्हणाली, "उचला."

अग्नी काकांच्या तेजसने दिला. मी पोटची पोर जिवंत असताना! राग आला, मरणाचा आला, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं.

माणसं स्मशानातून परतली. बाबांना ठेवलं होतं त्या जागी आईने दिवा लावला, आणि माझा फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज दादाचा.

"रुतिका, माझा फोन गेलाय. एका बाईंचा मागून घेतलाय. विमानात सोडायला लागलेत. बाबा आहेत ना अजून?"

सांगितलं तर तिथे परक्या माणसांत कोसळेल, नाही सांगितलं तर इथे दारात. आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"हायत," ती म्हणाली. "तू ये."

"आई, त्यांच्या कानाला लाव ना फोन."

आईने स्पीकर लावला, फोन दिव्यासमोर जमिनीवर ठेवला आणि तोंडात पदर कोंबला.

"बाबा," दादा म्हणाला, "जरा कळ काढा. आता नऊच तास राहिलेत."