सरपंचबाईंचा दुभाष्या

गावातले लोक माझ्या नवऱ्याला सरपंचसाहेब म्हणतात. सरपंच मी आहे. डिसेंबरातल्या निवडणुकीत गाव बायकांसाठी राखीव सुटलं, म्हणून सुधाकररावांनी माझा अर्ज भरला. प्रचाराच्या फलकावर त्यांचा फोटो हातभर, माझा तळहाताएवढा. निवडून आल्यावर हार त्यांच्या गळ्यात पडला आणि बायकांनी माझी ओटी भरली, जणू मला सातवा महिना लागला होता.

पंचायतीचं रजिस्टर माझ्या चुलीपाशी येतं. सेक्रेटरी बोट ठेवतो, मी पिठाचे हात पुसते आणि तिथं सही करते: बयनाबाई. आमचं गाव मराठी, पण तेलंगणात, म्हणून सगळं तेलुगूत. काय लिहिलंय म्हणून विचारलं की सुधाकरराव आतूनच म्हणतात, "तुले काय करा लागते?" सरपंचाची खुर्ची मी पाहिली आहे, पण रेशनला जाताना, खिडकीतून.

मला एकच गोष्ट हवी होती. आमच्या मराठी शाळेला मास्तर. मी याच गावची लेक आणि याच गावची सून. त्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकले. चंपतराव गुरुजी मला उभं करून धडा वाचायला लावायचे आणि माझा आवाज पार व्हरांड्यापर्यंत जायचा. त्या आवाजाची मला फार आठवण येते. लग्नानंतर तो कुठं गेला कोण जाणे. आता शाळेतले शेवटचे गुरुजीही निवृत्त झाले. तेरा पोरं उरली आहेत. जूनपर्यंत कोणी आलं नाही, तर शाळेला कुलूप.

"अवो, मंडळाच्या सभेत मास्तराचं बोला ना," मी म्हटलं.

"मराठी शिकून कोनाचं भलं झालं? रोडाचं बोला लागते. आपल्या घरापासून तं मारुतीपर्यंत."

"शाळेचं काऊन नाही?"

"तू भाकर पाह्य, जळून राह्यली."

भाकर जळत नव्हती.

मार्चात मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, सभेला नवीन अधिकारी मॅडम होत्या. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: सरपंच आत, नवरे बाहेर. सुधाकररावांनी जाता जाता माझ्या हातात चिठ्ठी कोंबली. मराठी अक्षरांत एक तेलुगू वाक्य: मा ऊरिकी रोड्डु कावाली. आमच्या गावाला रोड पाहिजे. "एवढंच वाच. बाकी काही बोलू नको," ते म्हणाले आणि बाकीच्या नवऱ्यांसोबत खिडकीशी जाऊन उभे राहिले, पंगत कधी बसते म्हणून ताटकळणाऱ्या वऱ्हाड्यांसारखे.

एकेक बाई उठून आपली चिठ्ठी वाचू लागली. कुणाला रोड, कुणाला बोअर, पुन्हा रोड. माझ्या शेजारच्या देवकाबाईची चिठ्ठी तर वाचता वाचता खालीच पडली. माझी पाळी आली. मी उभी राहिले, चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि सरळ मराठीत बोलले. तेरा पोरं सांगितली, मास्तराची रिकामी जागा सांगितली, घरात एक बोली आणि तेलुगू शाळेत दुसरी ऐकून मुकी होणारी लेकरं सांगितली. किती वर्षांनी मी एवढं सलग बोलले होते!

मॅडम हैदराबादकडच्या. त्यांना माझं एक अक्षरही कळलं नाही. दोन्ही भाषा येणारं कोणी आहे का, असं त्यांनी कारकुनाला विचारलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि हाक मारली, "सरपंचसाब, आप आइए!"

बोलावलं कुणाला, तर माझ्याच नवऱ्याला.

ते शर्ट नीट करत आत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्या दहा-बारा वाक्यांचं त्यांनी एकच वाक्य केलं. मला तेलुगू येत नाही, पण आठवडी बाजारात भाजी विकून कानावर पडतं तेवढं कळतं. त्या वाक्यात शाळा नव्हती. रोड होता. मॅडमनी मान डोलावली आणि कागदावर पेन टेकवलं.

मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रोड्डु कादु, मॅडम," मी म्हटलं. रोड नाही. तेलुगू बाजारातलं, पण आवाज खणखणीत. "बडि. मराठी बडि." शाळा. मराठी शाळा.

मॅडमनी पेन थांबवलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुधाकररावांकडे, आणि त्यांना हिंदीत म्हणाल्या, "सरपंच जो बोलेंगी, वही बोलिए. पूरा."

त्यांचे कान लाल झाले. "बोल," ते माझ्याकडे न पाहता पुटपुटले.

मी पहिल्यापासून सुरू केलं. "आमच्या शाळेत तेरा पोरं हायेत." त्यांनी ते तेलुगूत सांगितलं. मग नाइलाजानं माझ्या तोंडाकडे पाहू लागले. चोवीस वर्षांच्या संसारात माझं पुढचं वाक्य ऐकायला ते पहिल्यांदाच थांबले होते. मास्तर येईल की नाही, देव जाणे. मी मुद्दाम सावकाश बोलले.