‘अणूचा अवतार’वर दोन अभिप्राय

आमच्या वाचनालयात काउंटरवर एक अभिप्राय वही असते. पुस्तक परत करताना ज्याला काही सुचेल त्याने त्यात लिहावं, अशी पद्धत आहे. सुचत कोणालाच नाही, पण लिहितात सगळे. सोळा वर्षं मी त्या वहीशेजारी बसते आहे, म्हणून सांगते, निम्मे अभिप्राय पुस्तकाबद्दल नसतातच. ‘अक्षर फार बारीक’, ‘पान ९४ वर चहाचा डाग आहे, तो आमचा नाही’, असलं काहीतरी असतं.

‘अणूचा अवतार’ आलं आणि वहीला धुमारे फुटले. सहाशे चाळीस पानांची ही रहस्यकादंबरी. एका जुन्या मठाच्या तळघरात एक कलश सापडतो, त्यातून उजेड येतो, आजारी माणसं बरी होतात, आणि त्यामागे एक शास्त्रज्ञ बाई आणि खुनी साधूंची टोळी लागते. विज्ञान खरं की धर्म, असा सगळा मामला. मी काही वाचली नव्हती. मला माझ्या घरातलीच रहस्यं पुरतात. पण मागणी इतकी, की यादीवर एकतीस नावं लागली.

आता प्रत एकच. अशा वेळी आम्ही काय करतो, तर जाड पुस्तक मधोमध उसवून त्याचे दोन भाग बांधतो, म्हणजे एकाच वेळी दोघांना वाचता येतं. हे काम माझा दादा करतो. मागच्या खोलीत त्याचं टेबल आहे, दाभण, दोरा, खळीचं भांडं. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा हात अजून जड आहे, बोलणं सावकाश, आणि मधूनच एखादी गोष्ट साफ विसरतो. पण टाके असे घालतो की बघत राहावं. घरी बसवला तर तो खचेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते सांगायला डॉक्टर कशाला हवा होता म्हणा.

दादाने तीनशेविसाव्या पानावर पुस्तक कापलं. सोळा सोळा पानांचे वीस फर्मे इकडे, वीस तिकडे. वाक्य कुठे संपतं ते फर्मा बघत नाही. दोन्हींना सारखं निळं कापड लावलं, पाठीवर नाव घातलं, आणि ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ या चिठ्ठ्या चिकटवायच्या विसरला. बांधून आलेलं पुस्तक तपासायचं आणि मागच्या पानावर सही करायची, हे काम माझं. मी सही केली. त्या आठवड्यात पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कपाटातून हाताला लागेल तो निळा तुकडा मी देत गेले.

पहिले दोन वाचक कोण, तर मास्तर आणि प्रवचनकार. मास्तर म्हणजे चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. समोर माणूस दिसला की त्याला गुरुत्वाकर्षण समजावतात. प्रवचनकार दर आठवड्याला प्रार्थनागृहात बोलतात, आणि उरलेले सहा दिवस आमच्याकडे येऊन बोलतात. दोघेही आमच्या कार्यकारी समितीवर. दोघांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही, अगदी पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरही नाही.

आठ दिवसांनी मास्तरांनी वहीत लिहिलं, ‘विज्ञानाची उघड फसवणूक. शेवटी सगळी उपकरणं बंद पडतात, चमत्कार जिंकतो आणि लेखक हात जोडून उभा राहतो. शेवटचं वाक्यसुद्धा त्याला पुरं करता आलेलं नाही. हे पुस्तक तरुणांच्या हाती पडू नये.’

दोन दिवसांनी त्याच्याखाली प्रवचनकारांचं वळणदार अक्षर. ‘धर्माची उघड टिंगल. पहिल्या पानापासून साधूंना लबाड ठरवलं आहे आणि कलशाचा धातूच किरणोत्सर्गी काढून दाखवला आहे. कादंबरी अर्ध्या वाक्यापासून सुरू होते, ही आजकालच्या लेखकांची फॅशन. हे पुस्तक वाचनालयात नसावं.’

मी दोन्ही वाचले आणि आधी हसले. म्हटलं, दोघे एकच पुस्तक वाचून आलेत की दोन? मग माझं हसू तिथल्या तिथे विरलं. एकाचं शेवटचं वाक्य अपुरं, दुसऱ्याचं पहिलं वाक्य अपुरं. मी दोन्ही निळे तुकडे काढून काउंटरवर शेजारी शेजारी उघडले. इकडे शेवटची ओळ होती, ‘तिने कलशाचं झाकण उचललं, आणि आत’. तिकडे पहिली ओळ, ‘काहीच नव्हतं.’

मी दोन्ही पुठ्ठे उलटून पाहिले. चिठ्ठ्या नव्हत्या. सही मात्र होती, ठसठशीत.

एरवी मी चिठ्ठ्या लावून मोकळी झाले असते. पण अध्यक्षांचं वर्षभर एकच पालुपद चाललं होतं, की बांधणीचं काम बाहेरच्या छापखान्याला द्यावं, मशीनवर भराभर होतं. दादाच्या हातची एक चूक मिळाली की झालं. आणि आता समितीची बैठक लागली होती, विषय एकच, ‘अणूचा अवतार’ ठेवायचं की काढायचं. मी ठरवलं, तोंडाला कुलूप लावायचं. जाऊ दे पुस्तक रद्दीत. दादा राहिला म्हणजे झालं. वाचायचं ते त्या एकतीस जणांनी दुसरीकडे वाचावं.

बैठक भरली. अध्यक्ष मधे, मास्तर एका टोकाला, प्रवचनकार दुसऱ्या टोकाला, मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. दीड तास तोंडाची वाफ. मास्तर म्हणाले, “लेखक धर्मवेडा आहे.” प्रवचनकार म्हणाले, “लेखक नास्तिक आहे.” अध्यक्षांनी दोन्हींना मान हलवली. त्यांनी गेल्या सोळा वर्षांत पुस्तक उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

“तुम्ही वाचलंय का नीट?” प्रवचनकारांनी विचारलं.

“अक्षर न् अक्षर,” मास्तर म्हणाले. “तुमच्यासारखं चाळलेलं नाही.”

“मी दोनदा वाचलं. आणि असल्या पुस्तकाला एवढी मागणी यावी, याला जबाबदार आपल्या बाई. मुळात आपल्याकडे पुस्तक न वाचता ते वाटणारी माणसं आहेत, त्याला काय करणार.”

“त्या बाबतीत मात्र बरोबर आहे तुमचं,” मास्तर हसले. “बाईंना पुस्तकं म्हणजे भाजीच्या जुड्या.”

मी लिहिणं थांबवलं. खरं सांगते, त्या क्षणी दादा माझ्या डोक्यातही नव्हता. सोळा वर्षं यांची धूळ झाडते, यांनी दुमडलेली पानं सरळ करते, आणि मी भाजीवाली. भाजीवालीला निदान कोणती जुडी अर्धी आहे ते कळतं.

“मास्तर,” मी म्हटलं, “तुम्ही पान तीनशेवीसपर्यंतच वाचलंय. आणि काका, तुम्ही तीनशेएकवीसपासून पुढे. पुस्तक एकच आहे. तुम्ही एकेक तुकडा वाचलात आणि अख्खा अभिप्राय दिलात.”

दोन्ही निळे भाग टेबलावर ठेवले. पानांचे आकडे दाखवले. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडे बदलले नाहीत. प्रवचनकार छताकडे बघू लागले. काय सांगू, मिनिटभर मला असं गार गार वाटलं. आयुष्यात इतकी शांत बैठक मी पाहिली नव्हती.

मग मास्तर म्हणाले, “पण भाग पहिला, भाग दुसरा असं कुठे लिहिलंय?”

“तेच तर,” प्रवचनकार म्हणाले. “वाचकाने काय पानं मोजत बसायची? हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.”

“अक्षम्य.”

“मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, मास्तर.”

चाळीस वर्षांचं भांडण, आणि मिटलं ते दादाच्या डोक्यावर खापर फोडून. अध्यक्षांचा चेहरा खुलला. बांधणी पुढच्या महिन्यापासून बाहेर द्यावी, हा ठराव एकमताने मंजूर. पुस्तक ठेवायचं की काढायचं हे विचारायचं सगळेच विसरले. मला म्हणाले, “लिहा बाई.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मागचं पान उघडून म्हणायला हवं होतं, की ही सही बघा, तपासणी माझी आहे, काढायचं तर मला काढा. एवढी माझी जीभ, जिला दिवसभर विसावा नाही, ती नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. घर माझ्या पगारावर चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरंही आहे ते. मी मान खाली घालून ठराव लिहिला, सुवाच्य अक्षरात.

मागच्या खोलीत दादा एका शब्दकोशाला पुठ्ठा लावत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मास्तरांच्या चष्म्यापासून ठरावापर्यंत. त्याने खळीचा हात फडक्याला पुसला. एकेक बोट, सावकाश.

“चिठ्ठ्या माझ्याच राहिल्या,” तो म्हणाला.

“माफ कर दादा. मला राग आवरला नाही.”

“तो तुला कधी आवरलाय.” मग त्याने विचारलं, “मागे तुझी सही होती ना?”

“होती.”

“कोणी बघितली नाही?”

“नाही. मी पण दाखवली नाही.”

मला वाटलं, आता तो मान फिरवेल. दादा खुर्चीत मागे टेकला आणि त्याने असा सुस्कारा सोडला, जसा लहानपणी माझा ताप उतरल्यावर सोडायचा.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “मला तुझीच काळजी लागली होती.”

मी बाहेर येऊन काउंटरवर बसले. यादीवरच्या तिसऱ्या बाई आल्या होत्या, पुस्तक कसं आहे विचारत होत्या. मी आधी दोन चिठ्ठ्या लिहायला घेतल्या, ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’.