गाडीतला लाल दिवा

भावोजींच्या गॅरेजात हातोडी-पान्याला हात न लावता पोट भरणारा एकच माणूस होता. तो गाडीत बसायचा, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल खोचायचा, मांडीवर लॅपटॉप उघडायचा आणि गाडीशी तिच्या भाषेत बोलायचा. कोडिंग करतो म्हणून कुणीतरी त्याला कोडेमास्तर म्हणालं आणि ते नाव डिंकासारखं चिकटलं. सख्खी ताईसुद्धा जेवणाचा डबा पाठवताना "कोडेमास्तरांना द्या" म्हणायची.

त्याच्याकडे जास्त करून काम यायचं रंगांचं. हल्लीच्या गाड्यांत दारांच्या कडेने आणि डॅशबोर्डखालून उजेडाची एक बारीक रेघ पळते. कंपनी सगळे रंग आत भरून ठेवते, त्यातला एकच गिऱ्हाइकाच्या हाती देते आणि बाकीच्यांना कुलूप लावते. कोडेमास्तर ते कुलूप उघडायचा. कुणाला जांभळा हवा असायचा, कुणाला आकाशी, तर कुणाला शेजाऱ्याच्या गाडीत आहे तस्साच, फक्त थोडा जास्त चमकणारा.

आणि या कोडेमास्तरला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे.

जन्मापासूनच कळत नसे. दोन्ही रंग त्याला एकाच मातकट पिवळ्या घराण्यातले सख्खे भाऊ वाटायचे. वीज कंपनीतली चांगली नोकरी त्यापायीच हुकली होती. डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा त्याला दिसलाच नव्हता. घरी त्याने सांगितलं, जागा आधीच भरल्या होत्या. खरं काय ते फक्त आईला माहीत होतं, आणि आई आता नव्हती. ताईला आपलं वाटायचं, याचं कपड्यालत्त्याकडे लक्षच नसतं.

कोडिंगने मात्र त्याला तारलं. तिथे रंग म्हणजे तीन आकडे, आणि आकड्यांत तो कधी फसला नाही. काम झालं की तो "आमच्या दुकानासाठी एक फोटो घेतो हं" म्हणून मोबाइल काढायचा. मोबाइलमधलं एक अ‍ॅप कॅमेऱ्यासमोरच्या रंगाचं नाव सांगायचं. ते वाचून तो ऐटीत मान डोलवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशी दुपार कलता कलता एक बाई गाडी घेऊन आली. पन्नाशीची, आखूड कापलेले केस, बाहीवर कुठल्यातरी जनावराचे पांढरे केस. शेजारच्या सीटवर तिचे वडील होते. ताठ बसलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, दोन्ही तळहात गुडघ्यांवर. तिने त्यांना हाताला धरून उतरवलं, भिंतीशी असलेल्या खुर्चीत बसवलं आणि मग कोडेमास्तरला बाजूला घेतलं.

"मी जनावरांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "गाडी जुनी घेतलीय. आत ती लाल रेघ लागते ना, ती बदलायचीय."

"लगेच होईल, डॉक्टर. कुठला रंग हवाय?"

"कुठलाही. बाबांना तो लाल सोसत नाही." तिने आवाज खाली आणला. "त्यांना विसरायचा आजार आहे. दिवसा छान बसतात. त्यांच्या तपासणीहून परतताना अंधारून आलं आणि ती रेघ लागली की अंगात आल्यासारखं करतात. माझा हात ओढतात, दार उघडायला बघतात. परवा तर चालत्या गाडीत उघडलं. नशीब, मी हळू चालवत होते."

"मग दिवा बंदच करून टाकू की."

"करून बघितलं, वर कापड चिकटवून. गाडीत मिट्ट काळोख झाला. त्यात तर आणखी घाबरले." तिने बाहीवरचे केस झटकले. "एवढाली बिथरलेली घोडी मी हाताने शांत करते हो. आणि माझ्याच बापाला माझ्याशेजारी बसवत नाही. पळून जायचं असतं त्यांना माझ्यापासून."

कोडेमास्तरने लॅपटॉप उचलला. तो म्हणाला, "हिरवा करू या? डोळ्यांना थंड असतो म्हणतात."

"करा हिरवा."

रंग नीट दिसावा म्हणून त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. गॅरेजात संध्याकाळ झाल्यासारखा अंधार पसरला. तो गाडीत बसला, केबल खोचली, उजेडाचा कारभार बघणारा भाग पडद्यावर शोधून काढला, कुलूप उघडलं आणि तीन आकडे लिहिले. क्षणभराने पडद्यावर उमटलं, 'बदल स्वीकारला'. मोबाइलसाठी त्याने खिसा चाचपला. मोबाइल बाहेर ऑफिसात चार्जिंगला लावलेला होता. डॉक्टर दारातच उभी होती. तिला बाजूला सारून मोबाइल आणायला जायचं म्हणजे काय सांगून जायचं? आणि पडद्याने स्वीकारला म्हटलंय, मग झालंच की.

रेघेत त्याला काही बदल दिसला नाही. पण तो त्याला कधीच दिसत नसे.

"या आजोबा," त्याने हाक मारली. "बघा, कसा गारेगार हिरवा केलाय तुमच्यासाठी."

डॉक्टरने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, पण हा तर..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. म्हातारा खुर्चीतून उठला होता. उघड्या दारातून आतली रेघ त्याने पाहिली आणि त्याचा चेहराच पालटला. इतका वेळ धुक्यात हरवलेला माणूस एकदम जागा झाला. दोन ढांगांत तो गाडीपाशी आला आणि कोडेमास्तरच्या दंडाला धरून त्याला बाहेर खेचू लागला. त्या सुरकुतलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे! लॅपटॉप मांडीवरून घसरला आणि केबलला लोंबकळत राहिला.

"ऊठ! बाहेर हो आधी! लाल लागलाय, दिसत नाही तुला?"

 अख्ख्या आयुष्यात हा प्रश्न इतक्या सरळ कोडेमास्तरला कुणी विचारला नव्हता.

म्हाताऱ्याने त्याला भिंतीकडे ढकललं. मग वळून लेकीचा हात धरला, तिलाही ओढत नेऊन त्याच्या शेजारी उभं केलं आणि दोघांच्या पुढे हात पसरून, गाडीकडे तोंड करून स्वतः उभा राहिला. धापा टाकत होता, पण आवाज खणखणीत होता.

"मागे राहा सगळे! आत अजून कोण आहे? कोण राहिलंय आत?"

"कोणी नाही, बाबा," डॉक्टर कशीबशी म्हणाली.

"नक्की? मोजलीस माणसं?"

"मोजली. सगळे बाहेर आहेत."

तेव्हा कुठे त्याचे हात खाली आले. लेक तोंडावर हात दाबून त्याच्या पाठीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बाबा कागदाच्या गिरणीत होते," ती कोडेमास्तरला म्हणाली, पण खरं तर स्वतःलाच सांगत असावी. "बॉयलरवर फोरमन. दाब वाढला की लाल दिवा लागायचा. आधी सगळी माणसं बाहेर काढायची आणि मग आपण निघायचं. लहानपणी शंभरदा ऐकलंय मी हे. आणि गाडीत माझा हात ओढायचे तर मला वाटायचं, माझ्यापासून पळताहेत." तिने नाक पुसलं. "मला बाहेर काढत होते हो ते. त्यांना पळायचं नव्हतं."

 मग तिचं लक्ष पुन्हा गाडीकडे गेलं.

"पण तुम्ही हिरवा कसा काय म्हणालात?"

थाप मारायला एक नाही, दहा जागा होत्या. मशीन बिघडलं म्हणता आलं असतं, गंमत केली म्हणता आलं असतं. पण दंडावर म्हाताऱ्याच्या बोटांचे वळ अजून चुरचुरत होते. जो माणूस आपल्याला वाचवायला धावला, त्याच्यासमोर खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"मला लाल-हिरवा कळत नाही, डॉक्टर. पहिल्यापासूनच. इथे कुणालाच माहीत नाही."

आता ती हसेल, नाहीतर चिडेल, असं त्याला वाटलं. तिने फक्त रुमालाने डोळे कोरडे केले.

"कुत्र्यांनाही कळत नाही," ती म्हणाली. "त्यावाचून एकाही कुत्र्याचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. बरं, आता काय करायचं?"

कोडेमास्तरला हसू फुटलं. हसताना छातीवरचं कसलंतरी ओझं सरकल्यासारखं झालं. त्याने लॅपटॉप उचलला, कोपरा चेपला होता, पण चालत होता. नीट पाहिल्यावर चूक उमगली. बदल लिहिला गेला होता, पण ही गाडी हट्टी होती; पुरती निजून उठल्याशिवाय नवं काही मानत नव्हती. त्याने बॅटरीची वायर सोडवली. थांबायचं होतं तेवढ्यात डॉक्टरने वडिलांना पाणी पाजलं. आपण मघाशी काय केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते भिंतीवर टांगलेले पाने निरखत बसले होते.

वायर जोडली, गाडी जागी झाली.

"आता तुम्ही सांगा," कोडेमास्तर म्हणाला. "डोळे तुमचे, हात माझे."

"हिरवा आहे, पण फार भगभगीत. कमी करा. अजून. आता जरा पिवळट झाला... हां, बस्स, इथेच."

म्हातारा मात्र लगेच बसला नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला पालथा हात लावून ऊब पाहिली, वाकून आत बघितलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चालू करा."

डॉक्टरने कोडेमास्तरलाही मागे बसवलं. म्हणाली, "एक चक्कर मारून बघू, रस्त्यावर काही झालंच तर माणूस हवा." एव्हाना बाहेर दिवेलागण झाली होती. गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. दारांच्या कडेची रेघ मंद तेवत होती आणि म्हाताऱ्याचे तळहात गुडघ्यांवर होते. तेवढ्यात पुढे चौक आला. डॉक्टरचे खांदे एकदम आखडलेले मागून दिसले, तसं कोडेमास्तरने वाकून पुढे पाहिलं. चौकातला सिग्नल! त्याचा विचार कुणीच केला नव्हता.

म्हातारा सरसावून बसला. डॉक्टरने हळूच ब्रेक लावला. गाडी पट्ट्याच्या अलीकडे थांबली.

"थांबवलंस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"थांबवलं, बाबा."

"शाब्बास. लाल असताना पुढे नाही जायचं." तो मागे टेकला. सिग्नल बदलला तेव्हा त्यानेच हाताने इशारा केला. "हं, आता घे."

घाबरायचं असं त्यात काही नव्हतंच. लाल लागल्यावर करायचं ते काम केलं की म्हाताऱ्याचा जीव थाऱ्यावर यायचा.

कोडेमास्तरला गॅरेजपाशी सोडताना डॉक्टरने काच खाली केली. "ते घरच्यांना सांगून टाका," ती हळूच म्हणाली. "लपवून ठेवून फार दमायला होतं. मला माहितीय, बाबांचा आजार मीही लपवून पाहिलाय."

त्याने त्याच संध्याकाळी भावोजींना सांगितलं. त्याच्या मनात होतं, भावोजी पाठीवर थाप मारतील. छे! ते भडकले.

"इतकी वर्षं? इतकी वर्षं तू लोकांच्या गाड्या रंगवतोयस आणि मला आज सांगतोस? मी काय परका होतो?" एवढं बोलून ते शटर ओढायला गेले. घरून ताईचा फोन आला. आधी ती रागावली, मग रडली, मग म्हणाली, "म्हणून माझ्या लग्नात तो तसला सदरा घातला होतास होय रे मेल्या!"

दोन-तीन दिवस भावोजी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी एक गिऱ्हाईक नारिंगी रंग हवा म्हणून आलं. कोडेमास्तरने आकडे लिहिले आणि सवयीने खिशातल्या मोबाइलकडे हात नेला.

"ठेव तो," भावोजी मागून म्हणाले. हातातलं फडकं खांद्यावर टाकत ते शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि डोळे बारीक करून त्या रेघेकडे पाहू लागले. "हं. माझ्या मते बरोबर आहे. पण मला नारिंगी आणि केशरीतलं काही कळत नाही बाबा. थांब, गिऱ्हाइकालाच बोलावू."