कपाटातलं हत्यार

माझा नवरा सर्वेश लिमिटेड एडिशनचे कॅमेरे जमवतो. नांदेडच्या आमच्या घरात त्यांना काचेचं कपाट आहे, पण त्यातल्या एकाही कॅमेऱ्यानं आजवर फोटो काढलेला नाही. वापरला की किंमत उतरते म्हणे.

खंडेनवमीला सासूबाईंनी पुजायला विळी, पाना, शिलाई मशीन मांडलं. कॅमेराही हत्यारच, म्हणून कपाटातला सगळ्यात महागडा काढून त्यालाही हळदकुंकवाचं बोट लावलं.

सर्वेश आईवर असा ओरडला की शेजारी दारात आले. "काय करून ठेवलंस हे? आता कोण घेणार हाय ह्याला?"

माझं डोकं सणकलं. "हत्यार कामाला येतं म्हणून पुजतात. तुझं हे कुणाच्या कामाला आलं, ते सांग की."

डाग कसा काढायचा ते कॅमेरे जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारायला त्यानं मोबाइल काढला. सासूबाई पुसायचं फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

या घरात आल्यापासून मी त्याला आईचा फोटो काढताना पाहिलं नव्हतं. तिच्या बोटाच्या डागाचे फोटो मात्र त्यानं खाली बसून, नीट उजेड धरून काढले.