जिभेचं साल

जीभ उकडून निघाली की गरम असतानाच सोलावी लागते. थंड झाली की वरचं पांढरं, खरखरीत साल असं चिकटून बसतं की सुरीनेही धड निघत नाही आणि निम्मं मांस सालाबरोबर जातं. धम्मशीलाला हे तिच्या सासूने शिकवलं होतं. सासू शिकवताना धपाटे घालायची, त्यामुळे शिकवलेलं विसरायची सोय नव्हती.

म्हणूनच प्रसेनजित धावत स्वयंपाकघरात आला आणि "आई, पाहुणे आले!" म्हणाला, तेव्हा तिने आधी परातीकडे पाहिलं. कुकर नुकताच उघडला होता. हेल्याची, म्हणजे रेड्याची, अख्खी जीभ परातीत वाफाळत होती, शेजारच्या शेगडीवर पोटाची वजडी रटरटत होती.

पाहुणे म्हणजे योगिनीचे आईवडील. प्रसेनजित-योगिनीची पसंती कधीच झाली होती. आज घर बघायचं आणि तारीख धरायची, एवढंच उरलं होतं. यायचे होते बुलढाण्याहून चार वाजता. आले बाराला, कारण जीपवाल्याला दुपारी दुसरं भाडं होतं. चारच्या पाहुण्यांसाठी कोंबडी ठरली होती. जीभ होती सासऱ्यांसाठी. माणिकरावांचे उरलेसुरले दात मागच्या महिन्यात काढले, तेव्हापासून ते वरणात भात कालवून गिळत होते. परवा म्हणाले, "पोरी, जीभ आन एखांद्या दिवशी. तिले दात लागत नाहीत." महिनाभरात म्हाताऱ्याने मागितलेली ही एकच गोष्ट. सकाळी ती स्वतः धाड गावच्या बाजारात जाऊन घेऊन आली होती.

"झाक ते," प्रसेनजित खिडकी लावत म्हणाला. "मागं नेऊन ठेव. सरांच्या घरी हे चालत नाही, तुले माहीत आहे."

"अन थंडी झाली तं?"

"तं फेकून दे! माह्या लग्नापेक्षा जास्त आहे काय ते?"

पोरगं नोकरीला लागल्यापासून ऑफिसात कुणी डब्याचं विचारलं की 'मटण' म्हणून वेळ मारून नेतं, हे धम्मशीलाला ठाऊक होतं. तिथवर तिचं काही म्हणणं नव्हतं. जग वाईट आहे. कुणी मोबाइल काढून उभं राहिलं तर गाय नाही, हेला आहे, हे समजावेपर्यंत माणूस मार खातो. पण आपल्याच माणसांपासून आपल्याच चुलीवरचं लपवायचं? तिला राग आला, आणि चांगलाच आला. तिने परात उचलली, पाण्याचा गडवा घेतला, समोरच्या खोलीत गेली आणि पाहुण्यांपुढे फरशीवर बसकण मारली.

"जयभीम सर, जयभीम ताई. पाच मिनिटं माफी करा. हे गरमच सोला लागते."

योगिनीचे वडील, धम्मरत्न सर, कॉलेजात शिकवत. त्यांनी परातीत पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. शेजारी त्यांच्या पत्नी जयमालाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"हे... मोठ्याचं आहे?"

"हेल्याची जीभ. आत वजडी आहे."

"आम्ही सोडलं हे. तीस वर्षं झाली," सर म्हणाले. "समाजाला पुढे जायचं तर काही गोष्टी मागे टाकाव्या लागतात, ताई."

"मेलेलं ढोर ओढनं अन ते खानं आमच्या आजसासऱ्यानं सोडलं, सर. लय चांगलं केलं. हे ताजं आहे, इकत आनलेलं. यात मागं टाकासारखं काय आहे?"

"आमच्या कॉलनीत कळलं तर काय होईल, तुम्हाला कल्पना नाही."

म्हणजे भीती होती तर! एवढं शिकूनसवरून शेवटी साधी शेजाऱ्यांची भीती. धम्मशीलाला त्यांची कीव आली. बोटं भाजत होती, साल तुकड्यातुकड्याने निघत होतं.

"एक शब्द द्या," सर म्हणाले. "लग्नानंतर या घरात हे शिजणार नाही. माझी मुलगी याच्या वासातसुद्धा राहणार नाही. शब्द द्या, तारीख आत्ता धरू."

प्रसेनजित आईकडे बघत राहिला. पोरगी त्याच्या मनात किती भरली आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. हो म्हणून टाकावं, पुढचं पुढे. लग्न जमवताना कोण खोटं बोलत नाही? तोंडाशी आलेला तो 'हो' तिने गिळला. कोपऱ्यातल्या खाटेवर माणिकराव परातीकडे टक लावून बसले होते.

"नाही देत," ती म्हणाली. "सुनेवर जबरदस्ती नाही. तिनं खाव, नाही तं नाही खाव. पन माह्या घरी काय शिजन, ते तिच्या बापानं ठरवाव, हे जमत नाही."

"मग विसरा हे लग्न." सर उठले. "चला, जयमाला."

जयमालाबाई उठल्या खऱ्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. परातीपाशी बसल्या, बांगड्या मागे सारल्या, बोटं गडव्यातल्या गार पाण्यात बुडवली.

"टोकाकडून काऊन सोलता, बाई? मुळाकडून धरा."

आणि पायातला मोजा काढावा तसं त्यांनी ते साल एका ओढीत उतरवलं.

सर दारातच थांबले. "तुला हे कसं येतं?"

"माहेरी करतो."

"म्हणजे तू अजून...?"

"मीच काय, योगिनी पन. मामाच्या घरी पाय ठेवला की पयलं हेच मागते. पंधरा वर्षं झाली." बाईंनी नवऱ्याकडे मान वर करून बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच. "दर उन्हाळ्यात तुमाले वाटे, माहेरी आमी आंबे खाले जातो."

माणिकराव बोळक्या तोंडाने खदखदून हसले. प्रसेनजितचं तोंड उघडंच राहिलं. "तिनं मले कधी नाही सांगितलं!"

"तू सांगितलं होतं काय तिले?" धम्मशीलाने विचारलं आणि त्याच्या हातात सुरी दिली. "काप आता. बारीक काप, आबाले गिळता आले पाह्यजेत."

ती आत जाऊन मसाल्याला लागली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने पाच ताटं मांडली आणि पाचही ताटांत जीभ वाढली. पाचवं ताट सरांचं होतं. ते अजून दारातच उभे होते. बसायचं की जायचं, ते त्यांनी ठरवायचं होतं. बाकीच्यांनी जेवायला सुरुवात केली.