वाळलेला खडक

प्रयोगशाळेत तिला सगळे चुंबकबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. इस्पितळात माणसाला ज्या चुंबकाच्या यंत्रात सरकवतात, त्याचंच धाकटं भावंड तिच्या टेबलावर होतं. त्यात ती खडकाचे तुकडे सरकवायची. जमिनीच्या पोटातून काढलेला अंगठ्याएवढा तुकडा आत गेला की त्याच्या छिद्रांतलं पाणी चुंबकाच्या हाकेला ओ द्यायचं. बारीक छिद्रांतलं पाणी लगेच गप्प व्हायचं, मोठ्या छिद्रांतलं जरा वेळ बोलत राहायचं. त्यावरून खडकात पाणी किती आणि वायूला जागा किती, हे ती सांगायची. पाणी कमी म्हणजे वायू जास्त. सगळ्या कंपनीचा जीव त्या आकड्यात अडकलेला असायचा.

तिचा नवरा त्याच आवारात खडकांच्या कोठीचा प्रमुख होता. खोदकामावरून आलेले खडकाचे दांडे वाळू नयेत म्हणून गुंडाळायचे, वरून मेण चढवायचं आणि थंड खोलीत ठेवायचे, हे त्याचं काम. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "एक दगड सांभाळतो, दुसरी दगडाशी बोलते. माझ्याशी बोलायला या घरात कुणाला सवड नाही."

नव्या वायूक्षेत्रातल्या पहिल्या विहिरीचे दांडे आले, तिने त्यांतले तुकडे तपासले आणि आकडा असा आला की मोठे साहेब स्वतः खाली उतरून आले. खडकाच्या छिद्रांत पाणी शंभरात तीस भागही नव्हतं. साहेबांनी सगळ्या प्रयोगशाळेला चहा पाजला. चुंबकबाईंचा कप मात्र तसाच राहिला. विहिरीत सोडलेलं मोजयंत्रही चुंबकाचंच होतं, आणि ते जवळजवळ दुप्पट पाणी दाखवत होतं.

"खाली वायू असला की ते यंत्र गोंधळतं," साहेब म्हणाले. "हातातला खडक सोडून त्याचं कशाला ऐकायचं?"

बोलणं अगदीच चूक नव्हतं. म्हणून तिने हातातल्या खडकालाच पुन्हा विचारलं. एक दांडा आडवा कापून कडेचा तुकडा वेगळा तपासला, मधला वेगळा. कडेचा कोरडा निघाला आणि मधला ओला. खडक बाहेरून आत वाळत गेला होता.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "या वेळी मेण नीट लागलं होतं ना रे?"

"लागलं, पण एकच थर. घाई होती." त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला. "आणि ते वरच्या कार्यालयातले पाहुणे यायचे होते ना, तेव्हा साहेबांनी थंड खोली रिकामी करायला लावली. खुर्च्या आणि फलक ठेवायला. दांड्यांची खोकी सगळी पत्र्याच्या शेडमध्ये, भर उन्हात."

"तू बोलला नाहीस?"

"बोललो की. ते म्हणाले, दगडच आहे, नासतोय थोडाच."

त्यावर दोघंही हसली. उद्याच्या बैठकीत आपण हे मांडणार असल्याचं तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जरा दमानं घे, आणि तिने दमानं घेतलं असतं. स्वतःला ती चांगली ओळखून होती. म्हणून तिने त्याला भात वाढला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने कडेचे आणि मधले आकडे मांडले. नमुने वाळलेत, खोकी थंड खोलीतून बाहेर काढली होती, या आकड्यावर पुढच्या विहिरी खोदू नयेत, असं स्वच्छ सांगितलं. तिला वाटलं होतं, साहेब जरा ओशाळतील आणि विषय सावरून घेतील. साहेब ओशाळले नाहीत. त्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे मान वळवली.

"खोकी कुणी बाहेर काढली?"

तो खुर्चीत सरळ झाला. "तुम्हीच सांगितलं होतंत, साहेब."

"मी खोली लागेल म्हणालो. दगड उन्हात टाका म्हणालो का?"

सगळे हातातल्या कागदांत डोकं खुपसून बसले. मग त्याने बायकोकडे पाहिलं. रागाने नाही. घरात बोललेलं तिच्या तोंडून इथे ऐकू आलं, हे अजून त्याच्या पचनी पडत नव्हतं.

आठवड्याच्या आत त्याला घरी बसवलं. कारण दिलं, नमुन्यांची हेळसांड. आणि त्याच आठवड्यात नव्या विहिरींचा प्रस्ताव वर गेला, तिचा तो पहिला, कोरडा आकडा घेऊन. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"नमुने खराब झाले म्हणून तुम्ही माणूस काढलात. मग त्याच नमुन्यांचा आकडा खरा कसा?"

"बसा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. "त्याचा प्रश्न शिस्तीचा आहे. आकडा तुमचा आहे, आणि चांगला आहे. दोन्हींची गल्लत करू नका. घरातल्या गोष्टीचा कामावर परिणाम होऊ देऊ नका."

तिने वरच्या कार्यालयाला कळवून पाहिलं. तिथून निरोप आला की नवऱ्यावर कारवाई झाल्यामुळे बाई नाराज आहेत, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय.

विहिरी खोदल्या. सुरुवातीला वायू जोरात आला, छायाचित्रं निघाली. मग नळीतून पाणी यायला लागलं, आणि वर्ष उलटायच्या आत एकामागून एक विहिरींना टोपण बसलं. तोवर मोठे साहेब बढतीवर दुसऱ्या शहरात गेले होते. चौकशी झाली तेव्हा त्यांनी कळवलं, प्रयोगशाळेने दिलेल्या आकड्यावर आपण विसंबलो. तिला ताकीद मिळाली.

नवरा आता फरशीच्या गोदामात कामाला जात होता. ताकीद मिळाली त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तो खिडकीच्या बिजागरीला तेल घालत होता. सासूबाई आत झोपल्या होत्या.

"सगळ्या विहिरींना पाणी लागलं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तसंच."

"तू बरोबर होतीस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग इतके दिवस माझ्याशी धड बोलत का नाहीस?"

त्याने खिडकी लावून पाहिली, पुन्हा उघडली. "आदल्या संध्याकाळी तू विचारलंस, मी सांगितलं. मला वाटलं, माझी बायको विचारतेय."

तिच्याकडे उत्तर होतं. सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस, आणि मी थांबले असते. पण थांबून तरी काय वेगळं झालं असतं? विहिरी खोदल्याच गेल्या असत्या, फक्त तो कोठीत राहिला असता.

"जेवून घे," तो म्हणाला. "माझं झालंय." आणि तेलाची बाटली घेऊन पुढच्या खिडकीकडे गेला.