मशीनवर बसलेले बाबा

काळ्या रबराची ती गोल टिकली फरशीला टेकलेलीच नव्हती. गाल जमिनीला लावल्यावर तिला दिसलं — वॉशिंग मशीनचा मागचा उजवा पाय अधांतरी, खाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट, आणि फटीतून पलीकडचा उजेड. म्हणजे इतकी वर्षं हे तीनच पायांवर उभं होतं, आणि आम्ही सगळे त्यालाच नाठाळ म्हणत होतो... तिला हसू आलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम सरळ बसते की नाही हे बघणारी आपण, आणि घरातल्या मशीनखाली एकदाही वाकून पाहिलं नाही. पण वाकायची वेळच कुठे आली? कपडे पिळायला लागलं की मशीन धडधडत गॅलरीच्या दाराकडे निघायचं, आणि बाबा, तिचे सासरे, पेपर घेऊन त्याच्यावर जाऊन बसायचे. ते बसले की मशीनची काय बिशाद.

बाबांनी सगळी नोकरी वजनकाट्यावर काढली होती. मालाचा ट्रक फाटकातून वळताना नुसता पाहून ते वजन सांगायचे, आणि काटा मग त्यांच्याच बाजूनं साक्ष द्यायचा. नवरा मेकॅनिकला बोलवू म्हणाला की बाबांचं उत्तर ठरलेलं, मी आहे ना. आणि ते होतेच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. स्कूटर शिकताना मागे बाबा बसले, आणि पहिल्या वळणावर गाडी कलली तेव्हा त्यांनी दुसऱ्या बाजूला अंग टाकलं. गाडी सरळ... पाठीशी एवढं भरभक्कम माणूस असलं की पडायचं कसं, हे सुचतच नाही.

आणि गेल्या रविवारी मशीन बाबांना घेऊनच निघालं. पेपर हातात, पाय लोंबकळत, स्वारी थेट दारापर्यंत. "गाडी सुटली," ते म्हणाले, आणि दोघंही पोट धरून हसले. मग तिनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं तेव्हा सदऱ्याच्या आत हात थेट बरगड्यांना लागला. दुखण्यातून उठल्यापासून ते वाळलेत हे तिला काय दिसत नव्हतं? पण दिसणं वेगळं. नंतर भांडी घासताना नळ तसाच वाहत राहिला आणि ती उभी राहिली. बाबा हलके झालेत. जगाचं वजन डोळ्यांनी करणारा माणूस, डॉक्टरांच्या काट्यावर चढताना मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो — त्याला हे एका मशीननं सांगावं? नाही. ते मी होऊ देणार नाही.

म्हणून आज, नवरा कामावर आणि बाबा आंघोळीला गेल्याचं साधून, ती पाना घेऊन जमिनीवर पसरली होती. पाय फिरवत फिरवत खाली आणला, फरशीला लागला तसा वरचा नट घट्ट आवळला. झाकणावर पाण्यानं भरलेली ताटली ठेवली. पाणी एका काठाला जमत होतं, म्हणून पुन्हा एक आटा, पुन्हा अर्धा... मशीनमधली मोठी चादर काढून आतले कपडे सारखे पसरले. मग मशीन लावलं आणि पाना साबणाच्या डब्यामागे दडवला. चोरी करतेय असं वाटत होतं, आणि चोरीचा आनंदही होत होता.

"बाबा, या हो, पिळायला लागेल आता," तिनं नेहमीसारखी हाक मारली. ते आले. स्टुलावर पाय ठेवून, जरा थांबून, वर बसले. आतला ड्रम गरगरू लागला, घरघर वाढत गेली, आणि मशीन जागचं हललं नाही. बघा, तुम्ही बसलात म्हणून... वाक्य ओठांवर तयार होतं. बाबांनी पेपर उघडलाच नाही. झाकणावर पंजा टेकवून, मान किंचित कलती करून, ड्रम थांबेपर्यंत ते तसेच राहिले.

"पाय सारखे केलेस?"

ती खोटं बोलायला गेली आणि हो म्हणाली.

"बरं केलंस. मला चढताना धाप लागते गं. पण तू हाक मारतेस, म्हटलं पोरीला मशीनची भीती वाटते."

दवाखान्यातून आल्यापासून मारलेली ती प्रत्येक हाक — मुद्दाम मोठ्यानं, घाबरल्यासारखी, त्यांना आपण बिनकामाचे झालो असं वाटू नये म्हणून! आणि ते त्या हाकेसाठी, धापा टाकत, चढत होते. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, आणि मायाही दाटून आली.

"मला मशीनची भीती नव्हती वाटत, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कसली वाटते हे विचारलं नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "उतरव आता."

त्यांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांभोवती टाकले, आणि आजवर झाकणाच्या कडेवर एक हात रेटून ते निम्मा भार स्वतःच पेलत होते हे तिला आत्ता कळलं, कारण आज त्यांनी तो हात सोडून दिला होता. सगळेच्या सगळे बाबा तिच्या अंगावर आले. ती एक पाऊल मागे सरली, सावरली. साबणाचा वास, ओले केस, तिच्या कानाशी त्यांचा चढलेला श्वास... भीती कुठेच गेली नव्हती. उलट आता ती अगदी जवळून कळत होती. पण ती भीती तिच्या एकटीची नव्हती, त्यांनाही वाटत होती. आणि हे कळल्यावर आपल्याला इतकं मोकळं का वाटावं, ते तिला उमगेना. ती त्यांना तशीच धरून उभी राहिली.